मेणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कोणतं मेण, कशासाठी?

आमच्याकडे मधपेट्या आहेत आणि पोळ्यांचं मेण आम्ही घरीच गाळतो. त्यामुळे ओळखीची माणसं मधाइतकंच मेणाबद्दलही विचारत असतात. कुणाला कुंकवासाठी हवं असतं, कुणाला भेगांच्या मलमासाठी, तर कुणी सफरचंदावर नख ओढून दाखवत हे काय आहे म्हणून विचारतं. निम्मा गोंधळ एकाच कारणाने होतो. चार-पाच वेगळ्या पदार्थांना आपण सरसकट ‘मेण’ म्हणतो, आणि एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवतो. म्हणून खाली प्रत्येक उत्तरात मेण कोणतं ते आधी सांगितलं आहे.

मेण म्हणजे नेमकं काय?

साध्या हवेत घट्ट राहणारा, थोड्या उष्णतेने वितळणारा आणि पाण्याला अजिबात दाद न देणारा पदार्थ. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं ही गोष्ट प्रत्येक मराठी मूल ऐकतं. पावसात कोणाचं घर टिकलं हे सांगताना आजी मेणाचा सगळ्यात महत्त्वाचा गुणच सांगून जाते.

मेण तीन ठिकाणांहून मिळतं. मधमाशीसारख्या जिवांपासून, झाडांच्या पानांवरून आणि सालींवरून, आणि जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासून. पहिल्या दोन प्रकारांत मुख्यतः लांब साखळीची मेदाम्लं आणि अल्कोहोल एकमेकांशी जोडलेली असतात. तिसरं, म्हणजे पॅराफिन, हे निव्वळ हायड्रोकार्बन. हाताला तिघंही गुळगुळीत लागतात, पण स्वभाव वेगळे.

मधमाशी मेण फुलांतून आणते का?

नाही. फुलांतून ती मकरंद आणि पराग आणते, मेण तिच्या अंगात तयार होतं. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून बारीक, पारदर्शक पापुद्रे बाहेर येतात. ते ती पायांनी ओढून तोंडाशी नेते, चावून मऊ करते आणि षट्‌कोनी घरांच्या भिंती बांधते. नवं मेण जवळजवळ पांढरं असतं. पराग आणि झाडांचा डिंक लागून ते पिवळं होतं, आणि ज्या घरांत पिल्लांच्या पिढ्या वाढल्या ते पोळं तर काळपट तपकिरी होतं.

एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण ६ ते ८ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज मधपाळ धरतात. म्हणून पेटीतला मध काढताना पोळं पिळायचं नसतं. वरची मेणाची टोपणं सुरीने कापायची, यंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामं पोळं जसंच्या तसं पेटीत परत ठेवायचं. माश्यांची बांधकामाची मेहनत वाचते आणि पुढचा मध लवकर भरतो.

जंगलातल्या आग्या माशीच्या पोळ्याची गोष्ट दुःखाची आहे. पेटता टेंभा लावून पोळं उतरवलं की माश्या, अंडी, पिल्लं सगळी जळतात आणि त्या मेणात राख आणि मेलेल्या अळ्या मिसळतात. संरक्षक पोशाख घालून, फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवता येतो. ते तंत्र आज शिकवलंही जातं. मेण किंवा मध विकत घेताना पोळं कसं उतरवलं हे जरूर विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं की पद्धत बदलते.

पोळ्यापासून मेण घरी कसं काढायचं?

मध निथळून घ्या. पोळ्याचे तुकडे कोमट पाण्यात धुऊन सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात पुरचुंडी सोडा आणि मंद आचेवर ठेवा. पोळ्याचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेव्हा पाणी खळखळून उकळायची गरजच नाही. मेण कापडातून पाझरून वर तरंगू लागलं की पळीने पुरचुंडी दाबा, बाहेर काढा आणि पातेलं झाकून रात्रभर हलवू नका. घाईने गार केलं तर वडीला तडे जातात. सकाळी वर मेणाची पिवळी वडी मिळते. तिच्या तळाला चिकटलेला गाळ सुरीने खरवडून टाका. अजून स्वच्छ हवं असेल तर हीच कृती पुन्हा करा.

लोखंडाचं किंवा तांब्याचं भांडं घेऊ नका, मेणाचा रंग बिघडतो. आणि जे भांडं घ्याल ते मेणासाठीच ठेवा, कारण ते पुन्हा स्वयंपाकाला येण्याइतकं स्वच्छ होणं कठीण. उन्हाळ्यात याहून सोपा उपाय आहे. काच लावलेल्या, आतून काळ्या रंगवलेल्या पेटीत तिरक्या पत्र्यावर पोळी ठेवली की आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मेण आपोआप वितळून खालच्या भांड्यात उतरतं. इंधन शून्य.

पोळी गाळायला ठेवून विसरलात तर मेणपतंगाच्या अळ्या ती पोखरून जाळी करून टाकतात. वडी पाडली की ही भीती बरीच कमी होते.

दुकानातलं मेण मधमाश्यांचं आहे की पॅराफिन, हे कसं ओळखावं?

हातात धरून चोळा. पोळ्याचं मेण उबेने हळूहळू मऊ पडतं, मळता येतं आणि त्याला मधाचा मंद वास येतो. पॅराफिन निसरडं, अर्धपारदर्शक, बिनवासाचं. पोळ्याच्या मेणाचा तुकडा मोडला तर कड दाणेदार दिसते. जुन्या वडीवर पांढरट भुकटीसारखा थर आला तर घाबरू नका, ती बुरशी नव्हे. मेणातलाच काही भाग वर येतो आणि जरा ऊब दिली की तो थर नाहीसा होतो.

भेसळ थोडी असेल तर घरगुती कसोट्यांना ती सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. ओळखीच्या मधपाळाकडून घेणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. महाबळेश्वर परिसरात मधपाळांची परंपरा जुनी आहे आणि तिथलंच मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

मग पॅराफिन वाईट का?

मुळीच नाही. १८५० मध्ये जेम्स यंग या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे पेट्रोलियममधून ते मुबलक मिळू लागलं. त्याआधी युरोपातल्या गरीब घरांत प्राण्यांच्या चरबीच्या, धुरकट आणि उग्र वासाच्या मेणबत्त्या जळत. पॅराफिनमुळे स्वच्छ उजेड स्वस्त झाला. आपल्या देशात आसाममधल्या दिगबोईची रिफायनरी १९०१ पासून चालू आहे आणि तिथलं मेण प्रसिद्ध आहे. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या मुलांनी ज्या मेणबत्त्यांवर अभ्यास केला त्या पॅराफिनच्याच. मुलांचे मेणाचे खडूही मुख्यतः पॅराफिन आणि रंगद्रव्य यांचेच असतात.

तक्रार आहे ती पॅराफिन ‘शुद्ध मधमाश्यांचं मेण’ म्हणून विकण्याला.

कपाळावर कुंकवाखाली मेण का लावत?

पिंजर कोरडी असते. नुसती लावली तर घामाने ओघळते किंवा झडते. म्हणून आधी बोटाने मेणाचा गोल कपाळावर रेखायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं. मेण भुकटी धरून ठेवतं, घामाला अडवतं आणि गोलाची कड स्वच्छ राहते. जुन्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा यांच्या शेजारी मेणाची डबी असायचीच. टिकली आली तशी ही डबी घराघरांतून गेली. टिकलीच्या गोंदाने ज्यांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो किंवा खाज येते, अशा पुष्कळ बायका आता पुन्हा मेणाकडे वळताना दिसतात आणि मला त्याचा आनंद आहे.

घरी करायचं असेल तर एक भाग पोळ्याचं मेण आणि दोन भाग खोबरेल वजनाने घ्या. वाटी गरम पाण्यात ठेवून दोन्ही एकजीव करा. एक थेंब थंड ताटलीवर टाकून बोटाने पाहा. फार घट्ट वाटलं तर थोडं तेल, पातळ वाटलं तर थोडं मेण. थंडीत खोबरेल स्वतःच थिजतं, तेव्हा तेल जरा वाढवावं लागतं. इथे पॅराफिन वापरू नका, ते बोटाने नीट पसरत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. कुंकूही हळदीचंच घ्या, नाहीतर मेण चांगलं असून उपयोग काय?

पायांच्या भेगांना मेण चालतं का?

चालतं, आणि चांगलं चालतं. मेण त्वचेत शिरत नाही, वर पातळ थर करून आतला ओलावा उडू देत नाही. आयुर्वेदात मेणाला सिक्थ म्हणतात, आणि तिळाचं तेल व मेण यांचं ‘सिक्थ तैल’ मलमांचा पाया म्हणून वापरतात. कोकणात भेगांवर कोकमाचं तेल लावायची रीत आहे. एक भाग मेण आणि चार भाग तेल, त्यात अर्धं कोकमाचं घेतलं तर मलम छान बसतं. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, किंचित ओलसर असतानाच लावा आणि मोजे घाला. हेच प्रमाण ओठांनाही चालतं.

भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सफरचंदावरचं मेण खाल्लं तर चालतं का?

सफरचंदाला स्वतःचं मेण असतंच. तोडल्यावर धुताना ते काहीसं निघून जातं, म्हणून फळातलं पाणी टिकावं आणि चमक यावी यासाठी वरून पुन्हा पातळ थर देतात. पोळ्याचं मेण, कार्नोबा किंवा लाखेपासूनचं शेलॅक यांना भारतात परवानगी आहे आणि तसा थर दिला असेल तर लेबलवर लिहावं लागतं. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून फार कडक आणि चकचकीत. मोटारीच्या पॉलिशमध्ये आणि गोळ्या-चॉकलेटांच्या चमकेतही तेच असतं. ही मेणं आपल्याला पचत नाहीत, आली तशी बाहेर जातात.

थर जाड वाटला, नखाला पांढरी लगदी आली, तर कोमट पाण्याने चोळून धुवा किंवा साल काढा.

नाशिकच्या द्राक्षांवर जी पांढरट लव दिसते ती मात्र वेलाने दिलेली आहे. ती नैसर्गिक मेणाची असते आणि ताज्या, फार न हाताळलेल्या घडाची खूण असते. फवारणीचे अंश वेगळे, त्यासाठी द्राक्षं धुवायलाच हवीत.

अळवावरचं पाणी टिकत नाही, यातही मेण आहे का?

आहे. अळूच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे त्याहून बारीक कण. पाण्याच्या थेंबाला टेकायला जागाच मिळते ती त्या टोकांपुरती, मधल्या फटींत हवा असते. म्हणून थेंब पसरत नाही, गोल राहतो आणि पान जरा कललं की घरंगळतो. जाताना धूळ आणि बुरशीचे कण बरोबर नेतो. पावसाळ्यात दलदलीत उभ्या असलेल्या झाडाला पान कोरडं आणि स्वच्छ ठेवणं किती गरजेचं आहे, हे कोकणच्या पावसात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कमळाच्या पानाचंही हेच. क्षणभंगुरपणासाठी आपण ज्या थेंबाचं उदाहरण देतो, तो पानाच्या दृष्टीने सफाई करून जाणारा थेंब आहे.

घरी पाहायचं असेल तर ताजं पान बोटाने जोरात चोळा आणि मग पाणी टाका. चोळलेल्या जागी मेण निघून गेलेलं असतं आणि पाणी तिथे चिकटतं.

मेणबत्तीत जळतं काय, वात की मेण?

मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, सुताच्या वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. खात्री करायला मेणबत्ती फुंका आणि वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुरात लगेच पेटती काडी धरा. वातीला काडी न लावताही ज्योत धुरातून खाली उडी मारते. मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर फक्त मेणबत्तीवर सलग सहा व्याख्यानं दिली. एवढं विज्ञान एका मेणबत्तीत आहे.

वात अर्ध्या सेंटीमीटरएवढी कापून ठेवा, काजळी कमी धरते. जाड मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर मधोमध भोक पडत जातं. आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात मेणबत्त्या उभ्या ठेवू नका, आडव्या ठेवा. स्वस्त पॅराफिन पन्नास अंशांच्या आतच मऊ पडू लागतं.

धातूच्या मूर्तीत मेणाचं काय काम?

मूर्ती आधी मेणाचीच घडवतात. पोळ्याच्या मेणात राळ मिसळून प्रतिमा करायची, तिच्यावर बारीक मातीचे थर द्यायचे, वाळवायचे आणि तापवायचे. मेण वितळून वाट काढून जातं आणि आत नेमकी तेवढीच पोकळी राहते. तिच्यात पितळ किंवा पंचधातूचा रस ओततात. साचा फोडला की मूर्ती. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची, याच पद्धतीने सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ओतली गेली. संस्कृतात या विद्येला मधूच्छिष्टविधान म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये तिचं सविस्तर वर्णन आहे.

बस्तरचे घडवा कारागीर मेणाचे दोरे ओढून मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात, म्हणून त्यांच्या कामावर दोऱ्यांची नक्षी दिसते. तामिळनाडूतल्या स्वामीमलैच्या मूर्ती भरीव. आणि हे तंत्र फक्त देवळापुरतं नाही. आज मुंबईत मोठ्या प्रमाणावर घडणाऱ्या ओतीव अंगठ्यांचे नमुने मेणाचे असतात, आणि दाताची धातूची टोपीही आजवर अशीच होत आली आहे.

वाद्यांत मेण कुठे असतं?

पालघरकडच्या वारली पाड्यांवरचा तारपा पाहा. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. हे सांधे मेणाने बुजवलेले असतात. एका ठिकाणी जरी हवा सुटली तरी सूर बसत नाही, आणि मेण असं की बिघडलं तर जरा गरम करून तिथेच दुरुस्त करता येतं. पुंगीतही तेच.

नवसाला मेणाचे हात-पाय का वाहतात?

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत, ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात, चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं मांडलेली असतात. ज्या अवयवाचं दुखणं तो अवयव, ज्याला मूल हवं त्याने बाळ, ज्याला घर हवं त्याने घर वाहायचं. सगळ्या धर्मांची माणसं येतात. मेण स्वस्त आहे, हव्या त्या आकारात ओतता येतं, आणि गोळा झालेलं पुन्हा वितळवता येतं. भक्तीला सोयीचा असा दुसरा पदार्थ क्वचितच.

पार्लरमधलं वॅक्स मेणच असतं का?

बहुतेकदा नाही. डब्यातलं नेहमीचं वॅक्स म्हणजे साखर, लिंबू, पाणी यांचा घट्ट पाक, कधी त्यात मध किंवा ग्लुकोज. म्हणूनच ते पाण्याने धुतलं जातं. पट्टीशिवाय ओढायच्या गरम वॅक्समध्ये राळ आणि थोडं खरं मेण असतं, ते तेलानेच सुटतं. राळेची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

लाख आणि कानातला मळ, ही मेणंच का?

लाख ही राळ, किड्याने पळस-कुसुमाच्या फांद्यांवर केलेली. तिच्यात थोडं मेण असतं, इतकंच. पाकिटावर सील लाखेचं करतात कारण ती गार झाली की मेणासारखी मळता येत नाही, उघडायला गेलं तर तुटते. कानातला मळ दिसतो मेणासारखा, पण तो त्वचेचा स्राव आणि मृत पेशी. कानाला तो हवाच असतो. बड घालून आत ढकलू नका.

कपड्यावर मेण सांडलं तर?

ओलं असताना पुसू नका. वाळू द्या, बर्फाचा तुकडा लावून कडक करा, बोथट सुरीने खरवडा. मग डागाच्या खाली-वर कोरा टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण शोषतो. कागद बदलत राहा. छापील वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते. रंगीत मेणाचा रंग उरलाच तर साबण आणि कोमट पाणी. पैठणीवर किंवा जरीवर हे करायचं धाडस नको, ड्रायक्लीनवाल्याकडे द्या.

मेण वितळवताना काय सांभाळायचं?

थेट गॅसवर कधीही ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवूनच वितळवा, आणि जवळून हलू नका. मेण फार तापलं तर भडकतं. पेटलंच तर पाणी टाकू नका, जळत्या मेणाचे शिंतोडे उडतात. झाकण घाला आणि गॅस बंद करा. अंगावर सांडलं तर ओढून काढू नका, आधी वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा.

उरलेलं वितळलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइपात थिजून बसतं. कागदाच्या पेल्यात ओतून गार करा. पोळ्याचं असेल तर वडी कितीही वर्षं टिकते. शिंपीकाम करणाऱ्या किंवा चपला शिवणाऱ्या कुणाला तुकडा दिलात तर दोऱ्याला लावायला त्यांना तो हवाच असतो.